मुलाचं ऑपरेशन झालं, घरी आलो. आता दुखण्याचं काय?

हर्निया, सुंता, खाली न उतरलेलं वृषण, टॉन्सिल, कोपराजवळ मोडलेलं हाड. लहान मुलांची यांतली बरीचशी ऑपरेशन्स आता सकाळी दाखल आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी, अशी होतात. मूल आपल्या अंथरुणात झोपतं, दवाखान्यातल्या जंतूंपासून लांब राहतं, खर्चही वाचतो. हे चांगलंच आहे. फक्त पूर्वी वॉर्डातल्या सिस्टर जे काम करायच्या, ते आता आईबाबांवर येतं. दर काही तासांनी दुखतंय का पाहायचं, औषध मोजायचं, द्यायचं, लिहून ठेवायचं. सिस्टरनी ते शिकलेलं असतं. घरच्यांच्या हाती मात्र एक डिस्चार्ज कार्ड येतं आणि त्याच्या तळाशी एक ओळ असते: सिरप पॅरासिटामॉल ५ मिली, एसओएस.

एसओएस म्हणजे गरज पडली तर. घरी त्याचा अर्थ होतो, मूल रडून हैराण झालं तर. आणि इथेच गाडी घसरते. माझं स्पष्ट मत आहे की ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी मुलांच्या कार्डावर ही तीन अक्षरं नसावीत. तिथे किती मिलिग्रॅम, दर किती तासांनी आणि किती दिवस, एवढं लिहिलेलं असावं. तसं नसेल तर दवाखाना सोडण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

संध्याकाळी हसणारं मूल रात्री दोनला का रडतं?

पोटाखालच्या बऱ्याच ऑपरेशन्समध्ये भूलतज्ज्ञ मुलाला पूर्ण झोपवतात आणि वर माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. याला ब्लॉक म्हणतात. हाताच्या ऑपरेशनला काखेजवळ किंवा मानेजवळ, तर छोट्या जखमेला टाक्यांच्या कडेलाच बधिर करणारं औषध टोचतात. यामुळे मूल जागं होतं ते जवळजवळ न दुखता. बिस्किट खातं, मोबाइल मागतं. घरच्यांना वाटतं, सुटलो.

ब्लॉकचा असर काही तासांत ओसरतो. दुपारी दिलेला ब्लॉक साधारण रात्री उतरतो. तोपर्यंत घरी आलेली मंडळी थकून झोपलेली असतात, औषधाची बाटली पिशवीतच असते, आणि मूल दुखण्याने जागं होतं. म्हणून निघताना भूलतज्ज्ञांना दोन प्रश्न विचारा: ब्लॉक दिलाय का, आणि तो अंदाजे किती वाजता उतरेल. औषधाचा पहिला डोस त्या वेळेच्या आधी पोटात गेलेला हवा. पाय थोडा वेळ लुळे वाटले तर तेही ब्लॉकमुळेच असतं. तोवर मुलाला एकट्याने चालू देऊ नका.

घड्याळाप्रमाणे औषध का?

जखम झाली की शरीर तिथे सूज आणणारी रसायनं सोडतं. ती आसपासच्या नसांना हळवं करतात. मग एरवी न दुखणारा स्पर्शही दुखतो. कपड्याचा घासा, कूस बदलणं, खोकला, सगळंच. ही सूज पहिले दोन दिवस बहुधा जोरात असते. त्या काळात नसा एकदा भडकल्या की त्यांना शांत करायला वेळ लागतो आणि तोच डोस तेव्हा अपुरा वाटतो.

पॅरासिटामॉल तोंडाने दिल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास लागू पडायला लागतं आणि चार ते सहा तास टिकतं. आयबुप्रोफेन सहा ते आठ तास. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर पंप लावला तर नळाला पाणी यायला वेळ लागतो, आधी नुसती हवा येते. टाकी अर्धी असतानाच पंप लावला तर कुणाला कळतही नाही. रक्तातल्या औषधाचंही असंच आहे. रडणं सुरू झाल्यावर औषध दिलं की ते लागू पडेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास मूल दुखण्यात काढतं. त्यात ते औषध थुंकतं, ओकतं, आणि सगळी रात्र बिघडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या २०१९ मध्ये मागे घेतल्या गेल्या, पण त्यांतलं एक मूळ सूत्र हेच होतं की औषध ठरलेल्या वेळांना द्यावं. ऑपरेशननंतरच्या थोड्या दिवसांच्या दुखण्यालाही ते लागू पडतं.

प्रत्यक्षात काय होतं? अमेरिकेत टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या मुलांच्या घरी काय घडतं, हे एका अभ्यासात पाहिलं होतं. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी पहिल्या दिवशी ८६ टक्के मुलांना चांगलंच दुखतंय, असं त्यांच्या आईवडिलांनीच नोंदवलं होतं. तरीही २४ टक्के मुलांना दिवसभरात औषधाचा एकच डोस मिळाला किंवा एकही मिळाला नाही. म्हणजे दुखतंय हे कळत होतं, तरी हात आखडत होता. आपल्याकडची घरं पाहता, चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा फ्रिजवर एक कागद लावा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, कुणी दिलं. आई, बाबा, आजी असे तिघे औषध देणारे असतील तर या कागदावाचून चालवूच नका. डोस चुकणं आणि दोनदा दिला जाणं, दोन्ही इथेच टळतं.

रात्री झोपलेल्या मुलाला उठवायचं का, हा हमखास येणारा प्रश्न. पहिल्या एक-दोन रात्री, विशेषतः टॉन्सिल किंवा हाडाच्या ऑपरेशननंतर, हो. अर्धवट झोपेत सिरिंजने गालाच्या कडेला हळूहळू औषध सोडलं की बरीच मुलं गिळतात आणि पुन्हा झोपतात. डोकं मात्र उचलून धरा. आडव्या मुलाच्या तोंडात औषध ओतू नका.

रडत नाही, म्हणजे दुखत नाही?

तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. तीन वर्षांचं मूल पोट दुखतंय म्हणतं आणि बोट मांडीवर ठेवतं. सात-आठ वर्षांचं पुष्कळदा मुद्दाम लपवतं, कारण दुखतंय म्हटलं तर पुन्हा दवाखान्यात नेतील अशी त्याला भीती असते.

कॅनडातल्या ख्रिस्टीन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये खास घरच्या मंडळींसाठी १५ प्रश्नांची एक यादी तयार केली. त्यात रडण्याचा प्रश्न आहेच, पण बाकीचे बघा. नेहमीपेक्षा कमी खेळतोय का? कमी खातोय का? गप्प गप्प आहे का? दुखऱ्या भागावर हात धरून बसतो का? तिथे धक्का लागू नये म्हणून जपून हलतो का? सारखा चिकटून बसतो का? एरवी औषधाला नाक मुरडणारा आज मुकाट्याने घेतोय का? १५ पैकी सहा किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली, तर दुखणं दखल घेण्याजोगं आहे.

या यादीची सगळी ताकद ‘नेहमीपेक्षा’ या शब्दात आहे. आपलं मूल नेहमी कसं असतं, हे डॉक्टरांना माहीत नसतं. ते आईला, आजीला, पाळणाघरातल्या ताईला माहीत असतं. भिंतीकडे तोंड करून शांत पडलेलं मूल ‘किती गुणी आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

उलटही खरं आहे. मोबाइलवर कार्टून बघत हसणाऱ्या मुलालाही दुखत असू शकतं. लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं खरोखर कमी जाणवतं. कार्टून संपलं की ते परत येतं.

५ मिली म्हणजे नक्की किती?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण घरी होणाऱ्या मोठ्या चुका इथे होतात.

मुलाच्या औषधाची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, असं साधारण देतात. १४ किलोच्या मुलाला किलोमागे १५ प्रमाणे २१० मिलिग्रॅम झाले. आता बाजारात काय मिळतं ते पाहा. एका सिरपमध्ये ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतात, दुसऱ्यात २५०. बाळांसाठीच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम.

म्हणजे या मुलाला १२० वाल्या सिरपचे ५ मिली दिले तर डोस जेमतेम निम्म्यावर येतो. मग ‘औषधाचा काही उपयोगच होत नाही’ असं घरचे म्हणतात. २५० वाल्यातून सव्वाचार मिलीच्या आसपास पुरतात. आणि चुकून ड्रॉप्सचे ५ मिली दिले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, म्हणजे दुपटीहून जास्त. तीच चूक दिवसातून चार वेळा, दोन दिवस झाली, तर ती यकृतावर बेतू शकते.

मेडिकलवाल्याने बदलून दुसऱ्या कंपनीची बाटली दिली की नाव बदलतं, आकडाही बदलू शकतो. म्हणून डॉक्टरांना मिलिग्रॅम विचारा, बाटलीवरचा आकडा दाखवा आणि मग मिली ठरवून घ्या. घरातला चमचा वापरू नका. कुठल्याच दोन घरांतले चमचे सारखे नसतात. सुई नसलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. तिच्यावरच्या रेघेइतकं मोजा.

मुलाने औषध घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकलं, तर पॅरासिटामॉलचा तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. त्यानंतर ओकलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. सारखंच ओकत असेल तर गुदद्वारातून ठेवायची पॅरासिटामॉलची गोळी मिळते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

दोन औषधं एकत्र कशाला?

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वेगवेगळ्या वाटांनी काम करतात. आयबुप्रोफेन सूजही उतरवतं. म्हणून दोन्ही मिळून जास्त आराम देतात आणि बऱ्याच मुलांना त्यापलीकडे काही लागत नाही. आयबुप्रोफेन साधारण किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी देतात. पण ते सगळ्यांना चालत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, किडनीचा आजार, अशा औषधांनी उठणारा दमा, किंवा जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेलं मूल यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत ताप चढला तर डेंगीची शक्यता असते, आणि डेंगीत हे औषध रक्तस्राव वाढवू शकतं. तेव्हा तापासाठी ते आपल्या मनाने सुरू करू नका.

आपल्याकडची खास अडचण मिश्रणांची. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकाच बाटलीत मिळतं. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप घरोघरी असतं. ते आयबुप्रोफेनच्याच कुळातलं आहे, ही दोन एकत्र देऊ नयेत. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल दडलेलं असतं. वेगळ्या नावाच्या दोन बाटल्या म्हणजे वेगळी औषधं असं नाही. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा.

काही औषधं मात्र घरात असली तरी मुलाला नकोत. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली. ॲस्पिरिनने मुलांच्या मेंदूला आणि यकृताला क्वचित, पण जिवावर बेतणारी इजा होते. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची औषधं. काही मुलांचं शरीर ती फार वेगाने तीव्र रूपात बदलतं आणि मुलाचा श्वास मंदावतो. टॉन्सिलनंतर कोडीन दिलेली काही मुलं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखाली ही दोन्ही औषधं निषिद्ध ठरवली. आजीच्या गुडघ्यांच्या गोळीत कधी कधी ट्रॅमाडॉल असतं. त्यातली ‘पाव गोळी’ सुद्धा देऊ नका.

सवय लागली तर? लिव्हर-किडनी गेली तर?

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनची नशा नसते, चटक लागत नाही. ती भीती अफूच्या जातीच्या औषधांची आहे आणि ती या दोघांना चिकटली आहे. यकृत आणि किडनीचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्रेत आहे. वजनाप्रमाणे, वेळेवर, तीन-चार दिवस दिलेलं पॅरासिटामॉल निरोगी मुलाच्या यकृताला झेपतं. इजा होते ती जास्त मात्रा वारंवार गेल्याने. पुरेसं पाणी पिणाऱ्या मुलाच्या किडनीला थोड्या दिवसांच्या आयबुप्रोफेनचंही ओझं होत नाही.

पण आता सिरपचीच धास्ती वाटते

ती वाटणारच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. ते किडनी निकामी करतं. ज्यांनी विश्वासाने ते औषध पाजलं त्या आईवडिलांचा यात काडीचा दोष नव्हता. दोष बनवणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा.

विष द्रवात मिसळलेलं होतं. ज्यावर मुलांचं दुखणं अवलंबून आहे ते औषध त्यामुळे वाईट ठरत नाही. आपल्या हातात जे आहे ते करायचं: एकाच घटकाचं औषध, सीलबंद बाटली, पक्कं बिल, बॅच नंबरचा फोटो. गोळी गिळू शकणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांना गोळीच मागा. लहान मात्रेच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात. आणि कुठलंही औषध चालू असताना लघवी एकदम कमी झाली तर ताबडतोब दाखवा.

औषधाने आतलं काही बिघडलेलं झाकलं जाईल ना?

उलट, ते लवकर उघड होतं. पुरेसं औषध वेळेवर चालू असताना साधी जखम आटोक्यात राहते. पूर्ण डोस घेऊनही दुखणं चढतच असेल, तर ते दुखणं साधं नाही हे लगेच कळतं. अर्धवट औषधाच्या घरात मात्र दुखणं कशाने वाढलं, हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. तापाची शंका असेल तर पुढचा डोस देण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा.

थोडं सहन करायला शिकू दे की

हे घरातलं मोठं माणूस प्रेमानेच म्हणतं. मुलग्याला तर ‘मुलींसारखा रडतोस काय’ हेही ऐकावं लागतं. वैद्यकशास्त्रही फार वेगळं वागत नव्हतं. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना दुखत नाही, दुखलं तरी आठवत नाही, असं अनेक डॉक्टर मानत. बाळांची मोठी ऑपरेशन्स जेमतेम भुलीवर, हालचाल थांबवणारं औषध देऊन होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी हे बदललं. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवर त्यांनी अभ्यास केला. ज्यांना वेदनाशामक औषधही दिलं होतं, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही. १९८७ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर पद्धती बदलल्या.

दुखणारं मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, पाणी पीत नाही, झोपत नाही. यातल्या एकानेही त्याची जखम लवकर भरत नाही.

टॉन्सिलचं वेगळं गणित

हर्नियाचं दुखणं दोन-तीन दिवसांत बरंच उतरतं. टॉन्सिलचं तसं नाही. ते आठवडा ते दहा दिवस, कधी दोन आठवडे टिकतं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा वाढू शकतं. घरचे घाबरतात किंवा ‘नाटक करतोय’ म्हणतात. दोन्ही नको. कान दुखतो म्हणाला तरी कानात बहुधा काही नसतं. घसा आणि कान यांची नस एकच आहे. घशात पांढरट-पिवळा थर दिसतो, तोंडाला वास येतो. तो पू नाही.

इथे औषधाइतकंच पाणी महत्त्वाचं. कोरडा घसा जास्त दुखतो, जास्त दुखतो म्हणून मूल पीत नाही, आणि हे चक्र चालू राहतं. डोस दिल्यावर अर्ध्या तासाने, घसा हलका असताना पाजा आणि भरवा. गार दूध, पेज, ताक, मऊ वरणभात, आइस्क्रीम, जे घशाखाली उतरेल ते. आंबट आणि तिखट नको.

घशातून ताजं लाल रक्त आलं, अगदी थोडं असलं तरी, सरळ दवाखाना गाठा. पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान खपली सुटताना हे होऊ शकतं. झोपेत मूल सारखं गिळत असेल तर टॉर्चने घसा बघा. ते रक्त गिळत असू शकतं.

कधी वाट पाहायची नाही

हातापायाला प्लास्टर असेल आणि पूर्ण औषध देऊनही दुखणं वाढतच असेल, बोटं पांढरी, गार किंवा बधिर वाटत असतील, बोट सरळ केल्यावर मूल किंचाळत असेल, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी निघा. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. सकाळपर्यंत थांबलं तर हात कायमचा अधू होऊ शकतो. बाकी ऑपरेशन्समध्ये जखम लाल होऊन पू येणं, पोट फुगणं, सतत उलट्या, आठ तास लघवी न होणं, १०१ च्या वर ताप, किंवा (टॉन्सिल सोडून) दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारं दुखणं, यांतलं काही दिसलं तरी थांबू नका. आणि मूल उठवूनही नीट जागं होत नसेल तर ते औषधामुळे म्हणून सोडू नका. पॅरासिटामॉलने अशी झोप येत नाही.

टाके आणि ड्रेसिंगचा दिवस

मुलं दुखणं लक्षात ठेवतात. टोरांटोमध्ये ॲना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जन्मानंतर बधिर न करता सुंता झालेली बाळं, बधिर करणारं मलम लावलेल्या बाळांपेक्षा, चार-सहा महिन्यांनी लस टोचताना जास्त कळवळत होती. म्हणून पुन्हा दाखवायला जाण्याचा दिवसही दुखण्याच्या हिशेबात धरा.

निघण्याआधी पाऊण तास डोस द्या, तो त्या दिवसाच्या एकूण मात्रेत मोजा. ‘काही दुखणार नाही’ असं सांगू नका. थोडं दुखेल, मी हात धरून बसणार आहे, असं सांगा. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील’ हे वाक्य तर घरातून कायमचं काढून टाका. ड्रेसिंग चालू असताना मुलाला मांडीवर घेता येईल का, हे आत जाण्याआधी सिस्टरना विचारा. बहुतेकदा त्या हो म्हणतात. तान्हं असेल तर अंगावर पाजत ठेवा. मोठं असेल तर त्याच्या आवडीची गोष्ट मोबाइलवर आधीच डाउनलोड करून न्या. ओपीडीत रेंज असेलच असं नाही.